काचेच्या कपाटातली हवा

६ जानेवारी

जावईबापू,

तुम्हाला आशीर्वाद, छकुलीला आशीर्वाद आणि माझ्या मुंगीला दोन्ही गालांवर एकेक पापा. तो तुम्हीच माझ्या वतीने घ्या.

तुमचं पत्र सकाळी आलं आणि दुपारपर्यंत मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलंय. छकुलीला आमच्या इथल्या शाळेत नोकरी, आणि तुमचं चष्म्याचं दुकानही इथेच शाखा काढणार! म्हणजे माझी नात, नातजावई आणि पणती, तिघंही या गावात राहायला येणार! वाण्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. जिना पुसणाऱ्या बाईला सांगितलं तर ती म्हणाली, "आजी, काल फोनवरून कळलं तेव्हाच सांगितलंत की." म्हटलं, आज पत्रातून सांगतेय, ते वेगळं.

फोनचं म्हणाल तर तो मला नको. अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, मग भलतंच होतं. मागे छकुली म्हणाली "बाळ रांगतंय" आणि मी चार दिवस सगळ्यांना सांगत होते की बाळ रागावलंय. पत्र बरं. मी चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर लावून वाचते, एकही सोडत नाही.

आता तुमचा प्रश्न. "आजी, तुमच्या घरातली हवा कशी आहे?" अहो, लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हवेची चौकशी करणारे तुम्ही पहिलेच! पाणी येतं का, शेजारी कसे आहेत, हे सगळे विचारतात. हवा भरपूर आहे. समोर बसचा रस्ता आहे, त्या बाजूने येते. मागे अंगणाला लागून सुताराचा कारखाना आहे, तिकडूनही येते. सुतार गुणी माणूस. माझ्या खुर्चीचा पाय त्याने असा बसवला की आता खुर्ची मोडेल पण पाय मोडणार नाही. शिवाय बाजूला शिवणाच्या मशीनची छोटी खोली आहे, तिच्या खिडकीशी शेजाऱ्यांचं झाड आहे. तर हवा तिन्हीकडून. कधी येताय?

तुमची
आजी

१४ जानेवारी

आजी,

नमस्कार. वाकून करायला हवा होता, पण मुंगीला पोटाशी बांधून लिहितोय, वाकलो की ती जागी होते.

हवेचं विचारलं त्याचं कारण नीट सांगतो. मुंगीची छाती वरचेवर भरते. झोपेत तिच्या श्वासातून बारीक शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. आम्ही दोघं आळीपाळीने तिला उभं धरून बसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध चालू राहील, पण ती जिथे झोपते तिथे धूळ आणि धूर नको. तिथे हवा शुद्ध करणारं मशीन लावा, मात्र आधी हवेत काय आहे ते बघा आणि मग त्याला साजेसं मशीन घ्या. शेजाऱ्यांकडे आहे म्हणून आणलं, असं नको.

आमच्यापुढे दोन घरं आहेत. एक तुमचं. दुसरं तुमच्या गावाबाहेर टेकडीजवळचा फ्लॅट. मोकळी हवा, पण तुमच्यापासून लांब, दोन बस बदलून. छकुलीला तुमच्याकडेच यायचंय. मलाही. पण मुंगीच्या छातीशी खेळ करता येणार नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

सोबत हवा मोजायचं छोटं मीटर पाठवतोय. त्यावर बारीक धुळीचा आकडा दिसतो. आकडा जितका लहान तितकं चांगलं. दिवा हिरवा असला तर ठीक, पिवळा असला तर जपून, लाल असला तर खिडक्या बंद. थोडे दिवस आकडे बघून मला कळवा. त्यावर ठरवू.

तुमचा
चष्मेवाला जावई

२२ जानेवारी

जावईबापू,

मीटर पोचलं. केवढंसं आहे हो, साबणाच्या वडीएवढं! मला वाटलं, वजनकाट्यासारखं काही येईल आणि त्यावर हवा कशी बसवायची. जिना पुसणाऱ्या बाईने चालू करून दिलं. हॉलमध्ये मानाच्या जागी ठेवलंय, कुणाचा हात लागणार नाही, धक्का लागणार नाही अशा बेताने.

आणि ऐका! पहिल्या दिवशी थोडा वेळ वीसबावीस दाखवत होतं, मग स्थिरावलं. तेव्हापासून कधी नऊ, कधी आठ. दिवा हिरवागार. सकाळी उठून आधी चष्मा लावते, मग त्याच्यापुढे जाऊन उभी राहते. सुताराला वर बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "आजी, माझ्या कारखान्याशेजारी नऊ?" म्हटलं, तुझ्या कारखान्याचं नाव नको खराब करूस, बघ डोळ्यांनी. त्याने वाकून बघितलं. म्हणाला, "यंत्र परदेशी दिसतंय." म्हणजे काय ते त्यालाच माहीत.

मुंगीचं वाचून मला जेवण गेलं नाही, खरं सांगते. उभं धरून बसता म्हणे. माझे हातही जोडून घ्या त्यात. तीन माणसं असली की पाळी उशिरा येते.

आजी

३० जानेवारी

आजी,

तुमच्या पत्राने घरात नुसता आनंद. नऊ! आमच्याकडे तर खिडकी बंद करूनही चाळीसच्या खाली येत नाही. मी दोनदा वाचलं, छकुलीने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं आणि रडली.

टेकडीजवळच्या फ्लॅटच्या मालकांना आजच 'नको' म्हणून कळवलं. आम्ही तुमच्याकडे येतोय. मुंगीच्या खोलीपुरतं एखादं लहानसं मशीन पुरेल, तेही नुसतं खबरदारी म्हणून. कुठलं ते मी इथूनच बघून ठेवतो.

छकुली आणि मुंगी मार्चमध्ये पुढे येतील. मला इथलं दुकान दुसऱ्याच्या हाती देऊन यायला एखादा महिना जास्त लागेल.

तुमचा
जावई

६ फेब्रुवारी

जावईबापू,

आता मला कोणी खाली बसवून दाखवावं! मागची मोठी खोली मुंगीसाठी रिकामी केली. माझा पलंग हॉलमध्ये काढला. सुताराने जुन्या पलंगाला कठडा करून दिला, कडा इतक्या घासल्या की हात फिरवला तर लोण्यावरून फिरवल्यासारखा वाटतो. पडदे धुतले. जिना पुसणाऱ्या बाईने विचारलं, "आजी, बाळ येतंय की राजा येतोय?" म्हटलं, राजाला कशाला पडदे धुवू?

मीटर गुणाचं निघालं. परवा सुताराकडे शाळेच्या बाकांचं मोठं काम आलं, दिवसभर करवत चालू. अंगणातल्या तारेवरचे कपडे पिठात घोळल्यासारखे झाले, परत धुवावे लागले. आणि आपलं मीटर? दहा! हलायचं नाव नाही. मी त्याची काळजीही तशीच घेते. काचेच्या कपाटात, चांगल्या कपबशांच्या शेजारी ठेवलंय. दार घट्ट बसतं, धुळीचा कण आत जात नाही. तरी म्हटलं, परक्याची वस्तू, एवढी नाजूक, म्हणून हिरव्या लोकरीची टोपी विणून घातली. फक्त आकड्यापुरती खिडकी ठेवलीय. टोपी उरलेल्या लोकरीची, मुंगीच्या स्वेटरमधली. दोघांचा रंग सारखा झाला.

स्वेटर बाहीपर्यंत आलाय. मुंगीच्या हाताची लांबी कळवा.

आजी

१२ फेब्रुवारी

आजी,

मुंगीचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत माझ्या वितीएवढा.

आता एक विचारतो, आणि आधीच सांगतो, रागावलेलो नाही. तुमचं पत्र छकुली वाचत होती. कपाटापर्यंत आली आणि हसायला लागली. मग ती ओळ परत वाचली. म्हणाली, "अरे, आजीचं ते कपाट! लहानपणी आम्ही त्यात बिस्किटं ठेवायचो, महिनाभर मऊ पडायची नाहीत."

आजी, मीटर म्हणजे नाक आहे. तुम्ही त्याला काचेच्या पेटीत बसवून वर टोपी घातलीत. ते बिचारं कपबशांची हवा मोजत होतं.

चूक माझी आहे. कुठे ठेवायचं ते मी लिहिलंच नाही. आमच्या दुकानात उंची भिंगं आम्हीही काचेआडच ठेवतो.

कृपा करून ते बाहेर काढा. उघड्यावर, मुंगी झोपेल त्या उंचीवर ठेवा. प्रत्येक खोलीत एकेक दिवस. करवत चालू असताना आणि बंद असतानाही बघा. जे येईल ते कळवा.

तुमचा
जावई

२३ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की काहीतरी काम आठवायचं. डबे घासले. आधीच घासलेले होते.

मीटर बाहेर काढलं. टोपी काढली. मागच्या खोलीत मुंगीच्या पलंगाशी स्टुलावर ठेवलं. दिवा पिवळा झाला. म्हटलं, बाहेर आल्यामुळे बावरलं असेल. मग सुताराची करवत सुरू झाली आणि आकडा दुधासारखा वर चढला. पन्नास, नव्वद, दीडशेच्या पुढे. लाल दिवा. मी गॅस बंद करायला धावावं तशी धावले आणि खिडकी लावली. तरी उतरायला संध्याकाळ झाली.

हॉलमध्ये बस गेली की सत्तर, नाही गेली की पन्नास. शिवणाच्या मशीनच्या छोट्या खोलीत सगळ्यात कमी, तिशीच्या आसपास. करवत चालू असली की तिथेही साठ. शिवाय मीटर सांगत नाही ते मी सांगते. गुरुवारी सुतार पॉलिश मारतो तेव्हा घरभर असा वास येतो की डोळे चुरचुरतात. आकडा मात्र तसाच राहतो. मला सवय झालीय, म्हणून लिहिलं नव्हतं.

एक मनात आलं होतं, तेही सांगते. कपाटाचं दार उघडून उभी होते, मीटर हातात. म्हटलं, परत आत ठेवलं तर परत नऊ. तिकडे एवढ्या लांब कोणाला दिसतंय? माणसं घरात येतील, बाळ अंगणात खेळेल. मग मला मुंगीच्या छातीतली शीळ ऐकू आली. मी ती कधी ऐकलेली नाही, तुमच्या पत्रात वाचलीय तेवढीच. पण आली ऐकू.

तुम्ही टेकडीजवळचं घर घ्या. मी दोन बस बदलून येईन, त्यात काय. बसायला मिळतं म्हाताऱ्या माणसाला.

स्वेटर झाला. तो मात्र मी स्वतः घालणार.

आजी

१ मार्च

आजी,

टेकडीजवळचा फ्लॅट दुसऱ्यांनी घेतला. पण म्हणून लिहीत नाही. तो रिकामा असता तरी आता तुमच्याकडेच यायचं म्हणालो असतो. कारण आता आम्हाला खरं काय ते माहीत आहे. डोळ्याचा नंबर कळला की चष्मा करता येतो. नंबर न कळता कितीही महाग चष्मा घेतला तरी ठेच लागतेच.

तुमच्या आकड्यांवरून असं दिसतं. मुंगीची खोली मागची नको, शिवणाच्या मशीनची छोटी. झाडाकडे उघडते, आणि लहान खोलीतली हवा लवकर गाळून होते. तुमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भुसा आणि पॉलिशचा वास. भुशासाठी बारीक कागदी फिल्टर लागतो, पंख्यासारख्या घड्या घातलेला. वासाला तो काही करत नाही, त्यासाठी कोळसा लागतो, आणि तोही भरपूर. पुष्कळ मशीनमध्ये नुसती काळी चिंधी असते, ती दोन आठवड्यांत थकते. मशीन खोलीपेक्षा मोठंच घ्यायचं, म्हणजे हळू आवाजात चालवूनही तासाभरात सगळी हवा तीनचार वेळा त्यातून जाईल. मोठ्या आवाजाचं मशीन माणसं बंद करून टाकतात. आणि ताजेपणाचा वायू सोडतं असं सांगितलं तर ते दुकानातच ठेवून या. तो वायू छातीला वाईट.

पुढची जाळी आठवड्याला झटकायची. आतला कागद मात्र धुवायचा नाही. तुम्हाला ओळखतो म्हणून लिहिलं.

मशीन तुमच्या बाजारातून घ्या, म्हणजे बिघडलं तर नेऊन देता येईल. निवड तुमची. मला कळवू नका, थेट लावा आणि मीटर बाहेर ठेवा.

तुमचा
जावई

९ मार्च

जावईबापू,

घेतलं! पत्र नीट बसून वाचा, हातात मुंगी असेल तर छकुलीकडे द्या.

बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. दुकानदाराने आधी खुर्ची दिली, मग एक निळ्या दिव्याचं मशीन पुढे केलं. "आजी, हे घ्या. सुगंधाची कुपी आहे, मोबाईलवर चालतं, ताजेपणा सोडतं."

"काय सोडतं?"

"ताजेपणा."

"त्याला काही नाव असेल की."

त्याने खोका उलटा करून वाचलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी वायू म्हणाला. म्हटलं, "बाबा, मी घरातून बाहेर काढायला आलेय, आत सोडायला नाही. दुसरं दाखव. किती मोठ्या खोलीचं आहे हे?"

"कुठल्याही खोलीला चालतं, आजी!"

"मग तू माझी खोली बघितलेली नाहीस. आतलं फिल्टर काढून दाखव."

"सील आहे हो."

"चप्पलसुद्धा मी पायात घालून बघते. सील तोड नाहीतर मी उठते."

तोडलं. आत तुम्ही म्हणालात तीच काळी चिंधी. दुसऱ्यात थोडा स्पंज. कोपऱ्यात एक ओबडधोबड मशीन होतं, धान्याच्या पिंपासारखं, ना दिवा ना कुपी. त्याचं फिल्टर काढायला दोन हात लागले. हलवलं तर आत कोळशाचे दाणे खुळखुळले. कागदाच्या घड्या दाट, बोट जाईना. दुकानदार म्हणाला, "आजी, हे दवाखानेवाले नेतात. घरात शोभत नाही."

म्हटलं, "मी कुठे शोभते? हेच बांध."

आता सुताराची गोष्ट. मी त्याला म्हटलं, मुंगी येतेय, तुझ्या करवतीचं काहीतरी कर. तो हादरलाच. "आजी, करवत बंद केली तर खाऊ काय?"

"बंद कर कोण म्हणतंय? तिचं तोंड बांध."

मग त्याने भुसा ओढून घेणारी नळी लावली, तिच्या टोकाला मोठी पिशवी. म्हणाला, आणून ठेवलेली होती, लावायचा मुहूर्त लागत नव्हता. पॉलिशचं काम अंगणातून उचलून रस्त्याकडच्या उघड्या शेडमध्ये नेलं. वर मला टोमणा, "एवढी वर्षं मी धूळ खातोय, तेव्हा तुम्हाला माझ्या छातीचं काही वाटलं नाही. आता वीतभर हाताची मुलगी येतेय तर लगेच नळी!" म्हटलं, तुझी छातीही बांधली गेली ना त्यात? मग हस. तो हसला, आणि खरं सांगते, नळी लावल्यापासून त्याचा खोकला मला खालून ऐकू येईनासा झालाय.

मशीन छोट्या खोलीत भिंतीपासून हातभर लांब ठेवलं. दार लावलं. मुंगीचा पलंगही तिथे हलवला, मीटर त्याच्याशी, उघडंबोडकं. करवत चालू होती. मी स्वयंपाक केला, जेवले, भांडी घासली आणि मग हळूच दार उघडून बघितलं.

अकरा. गुरुवारी, पॉलिशच्या दिवशी, बारा. वास? खोलीत नाक घालून उभी राहिले. नव्या लोकरीचा येत होता फक्त.

शिवणाचं मशीन कुठे गेलं विचाराल. मागच्या खोलीत. माझा पलंगही परत तिथेच. मला करवतीच्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागत नाही.

पाठवा पोरींना.

आजी

२४ मार्च

जावईबापू,

छकुली आणि मुंगी सुखरूप पोचल्या, ते तुम्हाला फोनवरून कळलंच असेल. पण फोनवर छकुली "सगळं ठीक आहे" एवढंच म्हणाली, मी बाजूलाच होते. एवढ्याने तुमचं भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुंगी माझ्याकडे बघून आधी हसली नाही. चष्म्याकडे बघितलं, नाकाकडे बघितलं, मग चष्मा ओढून काढला आणि हसली. तुमचीच मुलगी. स्वेटर बाहीत तंग आहे. तुमची वीत लहान आहे, की तिचा हात वाटेत वाढला, ते तुम्ही आल्यावर मोजू.

पहिले दोन दिवस छकुलीने तिला उभं धरायची सवय सोडली नाही. तिसऱ्या दुपारी मी म्हटलं, ठेव खाली, मी बसते. ठेवलं. खाली करवत चालू, इकडे ते पिंप आपलं हळू घुमतंय. मी तिच्या छातीशी कान नेऊन बसले. शीळ येईल म्हणून वाट बघत होते. नाही आली. वर बघते तर छकुलीही शेजारी जमिनीवर झोपलेली, उशी नाही, काही नाही, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी दोघींच्या मधे बसून राहिले. तुमची माणसं झोपलेली बघायला तुम्ही हवे होतात.

रोज अशीच झोपते असं नाही. शनिवारी थोडी सर्दी होती, तेव्हा श्वास जड होता, औषध दिलं. इथल्या डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, पूर्वीचे कागद बघता बरीच मोकळी आहे, असंच चालू ठेवा. ते मशीनला म्हणाले की मला, ते विचारायचं राहिलं.

आत्ता मी लिहितेय तेवढ्यात मुंगी उठली आणि रडायला लागली. काही दुखत नाहीये, चष्मा परत हवाय, आणि तो लिहायला मला हवाय. पण काय रडणं आहे हो! एका श्वासात सुरू होतं ते संपतच नाही. सुतार जिन्यापर्यंत आला, "आजी, काय झालं?" छकुली आधी धावली, मग दारातच थांबली. म्हणाली, "आजी, ही एवढ्या दमाने कधी रडलीच नव्हती. दोन हुंदके दिले की हिला धाप लागायची." आणि तीही डोळे पुसायला लागली, तेव्हा आता घरात दोघी रडतायत आणि सुतार पाण्याचा पेला घेऊन उभा आहे, कोणाला द्यावा ते त्याला कळत नाहीये.

तुम्ही दुकान नीट सोपवून या, घाई नको. इथे सगळं उत्तम. ती अजून रडतेय, मी ऐकत बसलेय.

आजी